रत्नागिरीला जाताय ना ताई? मग कुलर इथंच ठेवून जा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे उत्तर कुठं चाललंय ते कळेल. मिस्टरांची बदली रत्नागिरीला झाली, शाळा सुरू व्हायच्या आत शिफ्ट व्हायचंय, मुलगी सहा वर्षांची, सगळा जन्म नागपुरात गेलेला, तर तिथलं हवामान वर्षभर कसं राहते, कुलर न्यायचा का, स्वेटर न्यायचे का, पाऊस खरंच लोक सांगतात तेवढा पडते का, आणि गॅलरीतलं संत्र्याचं रोप तिथं जगेल का. मी हवामान खात्यात ऑब्झर्व्हर होतो, बरीचशी नोकरी नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत आणि मधली काही वर्षं रत्नागिरीला, आता रिटायर होऊन घरी बसलोय, वेळ भरपूर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा ठेवा.

आधी कुलरचं, कारण ती चूक मी स्वतः केलीय. माझी बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी लोखंडी कुलर चढवला, नव्या ताट्या, नवा पंप, बायको म्हणत होती तिथले लोक काय वापरतात ते तरी विचारा, पण नागपूरचा माणूस, उन्हाळा म्हटलं की कुलर एवढंच डोक्यात. पहिल्याच आठवड्यात कळलं की कुलर सुरू केला की खोली थंड होत नाही, नुसती ओली होते. चादर ओलसर, उशी ओलसर, वर्तमानपत्राची पानं सादळलेल्या पापडासारखी लिबलिबीत, आणि घाम आहे तिथंच. शेजारचे काका खिडकीतून बघून हसले आणि म्हणाले, ओ साहेब, बाहेर एवढा समुद्र आहे, आत अजून पाणी कशाला?

याचं कारण नीट समजून घ्या, कारण किनाऱ्याचं सगळं हवामान यातच आलं. वेधशाळेत एक पांढरी पेटी राहते, झडपांच्या भिंतींची, तिच्यात दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक साधा. दुसऱ्याच्या गोळीला मलमलचा तुकडा गुंडाळलेला आणि त्याची वात खाली पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की त्या कापडातलं पाणी भराभर उडते आणि तो ओला थर्मामीटर खूप खाली उतरतो. नागपुरात मेमध्ये दुपारी कोरडा ४३ दाखवत असेल आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला २२-२३ वर येते. म्हणजे वीस अंशांचा फरक. कुलर म्हणजे दुसरं काही नाही, तो ओला थर्मामीटरच आहे, फक्त मोठा आणि पंखा लावलेला, तो हवेला त्या २२-२३ च्या दिशेनं खेचतो म्हणून आपल्याला स्वर्ग वाटते. आता रत्नागिरीत मे महिन्यात कोरडा ३३, आर्द्रता ७० टक्के, तर ओला २८. फरक पाच. कुलरनं कितीही जीव काढला तरी २८ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि तुमच्या अंगावरचा घाम हा पण एक ओला थर्मामीटरच आहे, तोही उडत नाही. इथं ४३ मध्ये दुपट्टा बांधून माणूस गाडी चालवते आणि तिथं ३३ मध्ये बसल्या जागी शर्ट भिजते, त्याचं कारण हेच.

एक गंमत सांगतो. सोनेगावला मेमध्ये आमची कटकट ही की ओल्या थर्मामीटरची वात सुकून जायची, बाटलीत पाणी टाकत राहा. रत्नागिरीला पाणी कमी होत नव्हतं पण कापड लवकर लवकर बदलावं लागायचं, कारण खाऱ्या हवेतलं मीठ त्याच्यावर बसायचं आणि मग रीडिंग चुकायचं. तेच मीठ तुमच्या गॅसच्या शेगडीवर, स्कुटीच्या चेनवर, एसीच्या बाहेरच्या युनिटवर बसणार आहे, घर समुद्राच्या जितकं जवळ तितकं जास्त. म्हणून कुलर विकून टाका किंवा दिराला देऊन टाका, आणि त्या पैशात चांगले सिलिंग फॅन घ्या, जमलं तर बेडरूमला एक एसी.

तर माझं सगळ्यांना एकच सांगणं राहते, तिथं गेल्यावर पारा बघायचं सोडा आणि वारा बघायला शिका. आपल्याकडे बातमी पाऱ्याची असते. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ झालं ते लोक अजून सांगतात, डिसेंबर २०१८ ला ३.५ वर आलं तेही सांगतात, म्हणजे एकाच गावात चव्वेचाळीस अंशांचा खेळ. किनाऱ्यावर असं काही नाही, वर्षातले बहुतेक दिवस दुपारचं तापमान २८ ते ३३ च्या मधेच घोटाळत राहते, कागदावर बघितलं तर एकदम बोअर हवामान. पण वारा कुठून येऊन राहिला यावर तो दिवस सुखाचा की घामाचा हे ठरते. शाळेत शिकलो होतो ना, खारे वारे आणि मतलई वारे, पाच मार्कांचं आकृतीसह उत्तर, ते तिथं रोज डोळ्यांसमोर घडते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलका वारा, मग मधे एक दीड तास वारा पडतो आणि जीव नकोसा होते, आणि अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून वारा सुरू झाला की माड हलायला लागतात. जमीन लवकर तापते, समुद्र हळू तापते, एवढंच त्याचं गणित. म्हणून घर बघताना मिस्टरांना सांगा, पार्किंग नंतर बघा, आधी पश्चिमेकडे खिडकी आहे का आणि समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत नाही ना ते बघा. फक्त त्या खिडकीला वर चांगली लांब पडवी नाहीतर छज्जा पाहिजे, का ते पावसात कळेल.

जायचं कधी? माझं म्हणणं, सामान १५ मेच्या आत हलवा. इथं मृगाच्या आधी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तापतो आणि मग कुठं जूनच्या मध्यात पाऊस येते, त्यामुळे आपल्याला सवय की जूनचा पहिला आठवडा म्हणजे उन्हाळाच. तिथं ७ जूनच्या आसपास मान्सून दारात असतो, आणि तारखेवर विसंबू नका, २०२५ ला २५ मेलाच देवगडपर्यंत आला होता आणि २६ ला मुंबईत. उलट २०२३ ला ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथंच बसून राहिला, मुंबईला जायला त्यानं २५ जून उजाडवला. मेच्या शेवटी तिथले लोक आगोटीच्या तयारीत असतात, म्हणजे चार महिन्यांचं सामान भरून ठेवणं, लाकूडफाटा, सुकी मासळी, कडधान्यं, मसाले, कौलं शाकारणं, दरवाजा-खिडक्यांना झापं नाहीतर ताडपत्री लावणं. शहरात आता एवढं कोणी करत नाही पण डाळ-तांदूळ हवाबंद डब्यात भरणं मात्र तुम्ही कराच, आपल्यासारखं पोतं कोपऱ्यात उभं करून ठेवाल तर जुलैत त्याला वास येईल.

आता पाऊस. नागपूरला वर्षाला साधारण ११०० मिमीच्या आसपास पडते. रत्नागिरीला ३००० च्या वर. एकट्या जुलैत तिथं जेवढा पडतो तो आपल्या वर्षभराच्या पावसाच्या जवळपास जाते. आणि वर सह्याद्रीकडे गेलात तर अजून वाढते, सिंधुदुर्गातल्या आंबोलीला तर सात हजारांच्या घरात. समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला आपटून वर चढते, थंड होते आणि पाणी तिथंच टाकून देते, मग पलीकडे देशावर उतरेपर्यंत तिच्यात काही उरत नाही. म्हणून घाटमाथ्यावर छत्री उडते आणि तिथून दोन-तीन तासांवर टँकर.

पण आकड्यापेक्षा त्या पावसाचा स्वभाव वेगळा आहे हे समजून घ्या. आपला पाऊस बराचसा बंगालच्या उपसागराच्या जिवावर. तिकडे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत आलं की नागपूरला दोन दिवस झोडपून काढते, कडाड कडाड विजा, आणि मग चार दिवस ऊन. कोकणातला जुलैचा पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा, किनाऱ्याला समांतर एक कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो दिवसचे दिवस थांबत नाही. त्यात गडगडाट फारसा नसतोच, हे ऐकून इथले लोक चकित होतात. विजा तिथं मेअखेर, जूनची सुरुवात आणि मग ऑक्टोबर या दिवसांत, तेव्हा त्या खरोखर जपण्यासारख्या. भर जुलैत नुसतं पाणी, आडवं येणारं, वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटणारं, त्याला झड म्हणतात. छत्री चालत नाही, रेनकोट घ्या, मुलीला दोन घ्या कारण एक वाळणारच नाही. मी रत्नागिरीला आलो त्या वर्षी बंगालच्या बाजूला कमी दाब झाला की सोनेगावच्या मित्राचा फोन यायचा, आमच्याकडे पाणी येऊन राहिलं रे, आणि मी इकडे बघायचो तर त्याच सिस्टीमनं ओढलेल्या पश्चिमेच्या वाऱ्यानं आमच्याकडे दुप्पट. म्हणजे तुम्ही तिथं गेल्यावरही नागपूरच्या पावसाशी नातं तुटणार नाही.

पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचतात, त्यामुळे पेपरात २४ तासांचा पाऊस येतो तो साडेआठ ते साडेआठ. सोनेगावला हे काम दोन मिनिटांचं. रत्नागिरीला अतिवृष्टीच्या रात्री आम्ही मधेच जाऊन आतली बाटली मोजून रिकामी करायचो, नाहीतर ती भरून वाहील आणि हिशेबच जाईल अशी धास्ती. टॉर्च तोंडात, एका हातात मोजपात्र, चष्म्यावर पाणी. एवढ्यासाठी सांगतो की बातमीत शब्द येतात त्यांना अर्थ आहे. ६४.५ मिमीच्या वर गेला की जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. नागपुरात ११५ पडला तर शहर ठप्प होते, रत्नागिरीत जुलैत ११५ पडला तर लोक भाजी आणायला जातात. पण रेड अलर्ट असला तर मात्र घरी बसा, तिथली माणसंही बसतात.

धोका कुठं असते तेही सांगतो. रत्नागिरी शहर उंचसखल, जांभ्या दगडाच्या पठारावर, पाणी वाहून जाते. चिपळूणचं तसं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. डोंगरावरून नदी येते ती जेमतेम काही तासांत समुद्राला भिडते, वर ढग फुटल्यासारखा पाऊस आणि खाली त्याच वेळी भरती असली की पाणी मागं सरते, जायला वाटच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला पंचांग लागते, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, त्या दिवशी जोराचा पाऊस असला तर खाडीकाठच्या रस्त्यानं जाऊ नये. घाटात दरडी पडतात. कोल्हापूरहून आंबा घाटानं उतरणार असाल तर पावसाळ्यात दिवसाउजेडी उतरा, रात्रीचा शहाणपणा नको. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं टाइमटेबल लावते, गाड्या हळू चालवतात, तेव्हा उशीर झाला म्हणून चिडू नका, तो उशीर मुद्दाम आहे.

आणि समुद्र. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद राहते. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात जातात ते स्वतः होडी वर ओढून ठेवतात, आणि आपल्याकडचे पोरं गणपतीपुळ्याला भर पावसात कंबरभर पाण्यात उतरून फोटो काढतात. कृपा करून तुमच्याकडे नागपूरहून पाहुणे आले तर त्यांना आवरा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असं ऐकलं की समजायचं, हवा बिघडली.

वादळांचं म्हणाल तर ती भर पावसाळ्यात फारशी होत नाहीत, मे-जूनची सुरुवात आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यांचे दिवस. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ धडकलं, दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या, वर्षांनुवर्षं वाढवलेली माडा-पोफळीची झाडं एका दुपारी गेली. त्याच दिवशी बसरा स्टार नावाचं जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याला येऊन टेकलं. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर निघून गेलं, जमिनीवर आलं ते गुजरातेत, तरी जाता जाता पत्रे आणि आंबे दोन्ही पाडून गेलं. नोव्हेंबर २००९ चं फयान अजूनही मच्छीमारांच्या बोलण्यात येते. घाबरवत नाही, पण टॉर्च, पॉवर बँक आणि दोन दिवसांचं पाणी घरात असू द्या, वीज गेली की कधी कधी लवकर येत नाही.

घरातलं थोडं सांगतो, कारण बायकोनं वाचून म्हटलं की हे लिहिलं नाही तर काय उपयोग. पावसाळ्यात कपाटाच्या मागे बुरशी येते, तेव्हा कपाट भिंतीला चिकटवू नका. चामड्याचे बूट, बेल्ट, पर्स यांच्यावर पांढरी लव चढते, इथंच ठेवून जा किंवा वापरत राहा. मीठ पाणी सोडते, चार दाणे तांदूळ टाका. कपडे वाळवायला घरात दोरी आणि खाली पंखा. श्रावण लागला की मात्र सुख, सर येते जाते, मधे ऊन, सगळं हिरवंगार, तो महिना बघून तुम्ही जून-जुलैला माफ कराल.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि ऑक्टोबर अंगावर येतो. जमीन ओली, आकाश मोकळं, वारा पडलेला. मला मेपेक्षा ऑक्टोबर जास्त जड गेला, अर्थात हे माझं मत. दुपारनंतर ढग चढतात, संध्याकाळी गडगडून पाऊस, आणि नेमका भातकापणीचा हंगाम, त्यामुळे शेतकऱ्याचा जीव टांगणीला. आपल्याकडे कापूस वेचणीच्या वेळी अवकाळीनं होते तसंच.

हिवाळ्याबद्दल तुम्हाला आश्चर्य वाटेल. जानेवारीत दुपारी रत्नागिरी नागपूरपेक्षा गरम राहते, आपण २८-२९ ला स्वेटर काढू की नको करत असतो तेव्हा तिथं ३१. रात्री साधारण १८-१९. शेकोटी, हुरडा, धुकं हे सगळं विसरा. एक शाल आणि मुलीला पातळ स्वेटर, बस. दापोलीसारख्या किनाऱ्यापासून जरा आत आणि उंचावरच्या ठिकाणी त्यापेक्षा गारवा असते. पण ही जी थोडीशी थंडी आहे तिच्यावर हापूसचं सगळं गणित, रात्री गार झाल्या तरच मोहोर धरते, ढगाळ राहिलं की मोहोरावर तुडतुड्यांची कीड. तिथं डिसेंबरात कोणालाही भेटलात तरी थंडी पडली का हा प्रश्न तुम्हाला गप्पा म्हणून नाही, पैशाचा म्हणून विचारतील. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये संत्रेवाला गारपिटीला घाबरते, तिथं गारपीट जवळजवळ नाहीच.

फेब्रुवारी-मार्चला मात्र सावध राहा, इथंच माझा वाऱ्याचा मुद्दा. सगळ्यांना वाटते कोकणात मे सगळ्यात गरम. घामाच्या हिशेबानं हो. पण पारा खरा उसळते तो बहुतेक मार्चमध्ये. कधी कधी जमिनीवरचे पूर्वेचे वारे इतके जोरात येतात की समुद्राचा वारा दुपारपर्यंत किनाऱ्यावर यायलाच तयार नसते, आणि तापमान एका दिवसात ३८ च्या पुढे. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ झालं होतं, ते असंच. म्हणून हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा नियमही किनाऱ्याला वेगळा आहे, आपल्याकडे निदान ४० पाहिजे, किनाऱ्यावर ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं की पुरे. नागपूरचा माणूस ३७ ऐकून हसते. तिथं हसू नका, मुलीला दुपारी बाहेर पाठवू नका.

एप्रिल-मेमध्ये अजून एक गोष्ट चकित करेल, पाण्याची टंचाई. तीन हजार मिमी पडूनही काही गावांना टँकर लागतात. जांभा म्हणजे चाळणी, त्यातून पाणी खाली निघून जाते, नद्या आखूड आणि उताराच्या, सगळं समुद्रात. घर घेताना विहीर किंवा नळ मेमध्ये कसा चालतो ते शेजाऱ्याला विचारा, घरमालकाला नको.

आणि हो, अंदाज बघताना आपल्या सवयीनं नागपूर केंद्राचा बघू नका, तो विदर्भाचा. रत्नागिरीसाठी मुंबईच्या प्रादेशिक केंद्राचा बघायचा.

राहिलं संत्र्याचं रोप. ते नका नेऊ. संत्र्याला फुलायच्या आधी ताण लागते, पाणी तोडावं लागते, तेव्हा कुठं बहार येते, आणि तिथं जून ते सप्टेंबर त्याची मुळं पाण्यात उभी राहतील. कुंडीत एखादं वर्ष तग धरेल पण फळाची आशा ठेवू नका. माझं मी नेलं होतं, ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली. त्याच कुंडीत नंतर शेजारच्या काकूंनी अबोली लावून दिली, ती मात्र आम्ही परत येईपर्यंत फुलत होती.